निवासी पत्त्यासह

ज्यांच्याविषयी लिहीत आहे त्यांचे नाव : कै. सुलोचना नारायण घरत, लिपिक, पनवेल गावातील एक जुनी अनुदानित माध्यमिक शाळा. मूळ गाव उरणच्या बाजूचे.

लिहिणारा : रमाकांत विठोबा कडू, वय वर्षे चोपन्न, व्यवसाय अर्जलेखन, बसण्याची जागा कचेरीच्या कुंपणालगत, लिंबाच्या झाडाखाली.

कालावधी : बाईंची आणि माझी प्रथम ओळख झाली त्या मे महिन्यापासून, त्यांच्या बदलीचा हुकूम आला त्या श्रावणातील दुसऱ्या मंगळवारपर्यंत. त्यानंतर एक भेट.

साक्षीदार : (१) श्री. सावंत सर, त्या वेळचे मुख्याध्यापक, आता निवृत्त. (२) हिराजी, शाळेचा शिपाई. दोघांनीही सही करण्यास नकार दिला आहे. परंतु मी सांगितले ते खोटे आहे, असे दोघांपैकी एकानेही म्हटलेले नाही.

आरंभ अर्जासारखा झाला, त्याला माझा इलाज नाही. गेली सत्तावीस वर्षे मी या तालुक्यातील लोकांची गाऱ्हाणी कागदावर उतरवीत आलो आहे. जमिनीची, रेशनची, वारसांची, पाण्याची. मी लिहिलेला अर्ज परत आला असे सहसा घडत नाही, हे कचेरीतील कोणीही सांगेल. मात्र घरत बाईंसारख्या व्यक्तीला अर्जाच्या चौकटीत बसविणे कठीण आहे. त्या काय करीत, यापेक्षा त्या काय करीत नसत, हेच त्यांच्याविषयी अधिक सांगण्यासारखे आहे.

बाई बांध्याने किरकोळ होत्या. सुती साडी, डाव्या मनगटावर पुरुषी घड्याळ, चष्म्याला बांधलेली काळी दोरी. शाळेच्या कार्यालयात त्यांच्या पाठीमागे एक लोखंडी कपाट होते आणि त्याची किल्ली कमरेच्या बटव्यात असे. त्या कपाटात शाळेची जनरल रजिस्टरे होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो : शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाची एक ओळ त्या रजिस्टरात असते. नाव, आईचे नाव, जात, जन्मतारीख, कोठून आला, कधी गेला, का गेला. शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. त्या रकान्यात पूर्वीच्या लिपिकांनी काय काय लिहून ठेवले होते. ‘वडील कैदेत.’ ‘आई सोडून गेली.’ ‘अंगावर कोड, वेगळा बसवावा.’ लहान मुलाची सगळी उघडी बाजू तिथे शाईने लिहिलेली असे.

मी प्रथम गेलो तो एका अशिलाच्या जन्मतारखेच्या उताऱ्यासाठी. अशील सोबत होता. बाईंनी रजिस्टर काढले, पान शोधले आणि त्यावर एक जाड पुठ्ठा ठेवला. कोणाच्या तरी लग्नपत्रिकेचा तो पुठ्ठा होता. गणपतीची सोनेरी सोंड अजून त्यावर दिसत होती. त्याच्या मधोमध एका ओळीएवढी खाच कापलेली. खाचेतून अशिलाची ओळ तेवढी दिसली. वरचे आणि खालचे सगळे झाकलेले.

“हे काय बाई?” मी विचारले.

“ही त्यांची ओळ. वरची आणि खालची दुसऱ्यांच्या घरची.”

मी वाकून पाहू लागलो, तशी त्यांनी पुठ्ठ्यावर पंजा ठेवला. “तुम्ही मुलाचे कोण?”

“मी अर्जलेखक आहे.”

“मग तिकडे बाकावर बसा. लिहायचं झालं की बोलावते.”

मला बाकावर बसविणारी व्यक्ती पनवेलमध्ये नवी होती. मनात अढी बसली, हे मी नाकारीत नाही.

पुढे दोन वर्षांनी घरच्या एका कामासाठी मला माझाच शाळा सोडल्याचा दाखला लागला. मी त्याच शाळेचा विद्यार्थी. माझ्या झाडाखालच्या फळीवर त्या वेळी ‘मॅट्रिक’ असे लिहिलेले होते आणि लोक ते वाचून माझ्याकडे येत. बाईंनी माझे पान काढले. पुठ्ठा ठेवला. खाचेतून माझी ओळ मी वाचली, त्यांनीही वाचली. इयत्ता आठवी, अनुत्तीर्ण. सोडण्याचे कारण : सतत गैरहजर. त्यांनी वर पाहिले नाही. दाखला लिहिला, मजकूर आत येईल अशी चौपदरी घडी केली आणि माझ्या हातात दिली.

हिराजी दाराशी उभा होता. “काय बाई, कडूशेठ आपल्याच शालंतले काय? कितवीपर्यंत होते?”

“दाखला त्यांचा हाय,” बाई म्हणाल्या. “त्यांना इचार.”

रागावल्या किंवा कोणाला गप्प करायचे असले की बाई गावच्या बोलीवर येत. एरवी त्यांची भाषा माझ्याइतकीच शुद्ध होती. दुसऱ्या दिवशी त्या माझ्या झाडाजवळून बाजारात गेल्या, फळीकडे नजर गेली असणारच, पण नेहमीसारखी मान हलवून पुढे गेल्या. ही गोष्ट मी आज स्वतः लिहिली म्हणून कळली. त्यांच्या तोंडून ती कोणाला कळली नाही, हे मला नक्की ठाऊक आहे, कारण तशी कळली असती तर माझ्या शेजारच्या अर्जलेखकाने ती मला रोज ऐकविली असती.

शाळेतील तरुण शिक्षक त्यांची थट्टा करीत. सगळ्या याद्या आता मोबाईलवरून जातात. वर्गशिक्षक हजेरीपत्रकाचे, आधार क्रमांकांच्या यादीचे फोटो काढून ग्रुपवर टाकतात. बाई त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहत आणि काम झाले की तो फोटो त्यांच्या देखत पुसायला लावीत. पुसला की स्वतःच्या वहीत बारीक अक्षरात लिहीत : ‘पाठविले. पुसले.’ एकदा एक शिक्षक म्हणाले, “बाई, मुलांची नावं आहेत ही, अणुबॉम्बचा नकाशा नाही.”

“नकाशा चोरीला गेला तर सरकार शोधतं,” बाई म्हणाल्या. “पोरांचा मोबाईल नंबर गेला तर कोन शोधतं, सांगा.”

निकालाच्या दिवसांत आमच्या भागातील एक होऊ घातलेले पुढारी शाळेत आले. त्यांना गुणगौरव करायचा होता. उत्तीर्ण मुलांची नावे, फोटो व पालकांचे मोबाईल क्रमांक पाहिजेत, म्हणाले. मुख्याध्यापक सावंत सर हे सज्जन, परंतु घाबरट गृहस्थ. त्यांनी बाईंकडे पाहिले.

“अठ्ठावन्न पोरं पास झाली,” बाई म्हणाल्या. “अठ्ठावन्न पेनं पाठवा. वाटायचं काम माझं.”

“अहो पण मग फ्लेक्सवर काय लावू?”

“तुमचाच फोटो लावा की, दादा. नाहीतरी मोठा तोच असतो.”

पुढारी हसले, कारण चारचौघांत रागावणे त्यांना परवडणारे नव्हते. पेने आली. यादी गेली नाही. सावंत सर नंतर मला म्हणाले होते, “कडू, ही बाई एक दिवस मला अडचणीत आणणार.” झाले ते उलट.

त्यानंतर मुलांच्या माहितीविषयी शासनाचे नवे नियम आल्याचे सर्वत्र बोलले जाऊ लागले. शाळांच्या मुख्याध्यापकांना व लिपिकांना एक दिवसाचे प्रशिक्षण झाले. भिंतीवर चित्रे दाखविणाऱ्या अधिकाऱ्यांनी सांगितले, की यापुढे मुलांची माहिती कोणालाही देण्याआधी पालकाची संमती घ्यावी लागेल. सगळ्यांनी वहीत लिहून घेतले. बाईंनी हात वर केला. सावंत सर शेजारी बसले होते. पुढचे त्यांच्याच तोंडून ऐकलेले.

“साहेब, पालक दोन आहेत. दोघं दोन दिशेला आहेत. तर संमती कुणाची?”

“तशा केसेस अपवादात्मक असतात, मॅडम.”

“आमच्या शाळेत पाच आहेत.”

“ते आपण शेवटी बघू,” अधिकारी म्हणाले आणि पुढचे चित्र लावले. शेवटी चहा होता.

त्या नियमांची झेरॉक्स मीही मिळविली. नवा नियम निघाला की तो प्रथम माझ्या टेबलावर असतो, हा माझा लौकिक आहे. मी तो दोनदा वाचला. जिथे जिथे ‘पालक’ हा शब्द होता तिथे लाल शाईने खूण केली. त्याचा उपयोग होईल असे मला वाटले, आणि झाला.

जूनमध्ये एक गृहस्थ माझ्याकडे आला. पांढरा स्वच्छ शर्ट, कपाळाला गंध, खिशात एका मुलीचा फ्रॉकमधला फोटो. बायको मुलीला घेऊन निघून गेली, दोन वर्षे झाली, म्हणाला. मुलगी पनवेलच्या या शाळेच्या गणवेशात कोणाला तरी दिसली होती. “साहेब, ती इथं शिकते का, तेवढंच समजलं तरी पुरे. लांबून बघीन आणि जाईन.” हे बोलताना तो रडला. मी पुष्कळ माणसे रडताना पाहिली आहेत आणि खरे-खोटे मला कळते, अशी माझी समजूत होती.

मी अर्ज लिहिला. ‘मी सदर मुलीचा जन्मदाता पिता असून, माझी कन्या आपल्या शाळेत शिकत असल्यास तिची इयत्ता, तुकडी व निवासी पत्त्यासह संपूर्ण माहिती मिळावी.’ निवासी पत्त्यासह हे शब्द त्याने सांगितलेले नव्हते. त्याला तेवढे सुचलेही नव्हते. ते माझे होते. मी प्रत्येक अर्जात ते घालतो. रेशनच्या अर्जात घालतो, वारसाच्या अर्जात घालतो. अर्ज अपुरा राहू नये, म्हणून ती माझी सवय आहे.

तो अर्ज द्यायला मी स्वतः त्याच्यासोबत गेलो. बाईंनी वाचला. त्याला बाहेर थांबायला सांगितले आणि त्या ओळीवर बोट ठेवले.

“कडूभाऊ, हा पत्ता त्यांनी मागितला का तुमी घातलात?”

“अर्ज परिपूर्ण असावा लागतो, बाई.”

“काढा तो.”

“लिहिलेला शब्द मी काढीत नसतो.”

“शाळेत हाय का नाय, तेवढाच इचारा. बाकीचा खोडा.” बाई प्रथमच माझ्याशी विनवणीच्या सुरात बोलत होत्या. मला ते ऐकू आले नाही, असे मी म्हणणार नाही. मला ते आवडले.

“आपण एका बापाला नाकारीत आहात,” मी म्हणालो.

“मी कोनाला नाकारत नाय. अर्ज आवकमधी नोंदते, उत्तर सर देतील. मी रजिस्टर उघडनार नाय.”

पंधरा दिवसांत उत्तर आले नाही. मग मी वरिष्ठ कार्यालयाकडे अपील लिहिले. चार पाने. नव्या नियमांतील लाल खुणांची सगळी वाक्ये त्यात उद्धृत केली : जिथे परक्याला माहिती देण्यासाठी पालकाची संमती लागते, तिथे खुद्द पालकालाच माहिती नाकारणे ही नियमाची पायमल्ली होय. मुले ज्यांच्यापासून सांभाळायची त्यांना अडविण्यासाठी तो नियम होता. मी तो बापाच्या हातात दिला. माझ्या आयुष्यातील ते सर्वांत सुबक अपील होते. सुनावणी एका बैठकीत आटोपली. माहिती तत्काळ द्यावी, आणि लिपिकाने ती का अडविली याचा लेखी खुलासा घ्यावा, असा हुकूम झाला.

बाईंनी किल्ली सावंत सरांच्या टेबलावर ठेवली. रजिस्टर सरांनी उघडले. उतारा रजिस्टर्ड पोस्टाने गेला. इयत्ता सातवी, तुकडी ब, ओवे गावातील एका चाळीतील खोली.

मग बाईंना कारणे दाखवा नोटीस आली. सावंत सरांनी त्यांना समजाविले, हिराजी त्या वेळी पाणी भरत होता.

“दोन ओळी लिहा, बाई. मुलीच्या आईनं काय सांगितलं होतं, तेवढं लिहा. साहेब समजून घेतील.”

“याची प्रत कुणाकुणाला जाते, सर?”

“अर्जदाराला जाते. नियमच आहे.”

“मग?”

बाईंनी खुलासा लिहिला. मी आयुष्यभर खुलासे लिहीत आलो, परंतु एवढा आखूड खुलासा मी पाहिलेला नाही. ‘कारण सांगणे म्हणजेच माहिती देणे होय. सबब कारण देता येत नाही.’ खाली सही.

उद्धटपणा व आदेशाची अवज्ञा, असा ठपका त्यांच्या सेवापुस्तकात नोंदविला गेला. श्रावणातील दुसऱ्या मंगळवारी बदलीचा हुकूम आला, संस्थेच्या दूरच्या एका शाखेत, निवृत्तीला अकरा महिने असताना. त्या बुधवारी मी माझ्या शेजाऱ्यांना पेढे दिले. हेही लिहून ठेवतो.

त्याच्या पुढच्या आठवड्यात एक बाई माझ्याकडे आली. ती लोकांकडे धुणीभांडी करीत होती. हाताला प्लास्टर होते. मुलगी पळवून नेली, पोलिसांत द्यायला अर्ज पाहिजे, म्हणाली. मी विचारले, कोणी नेली.

“तिच्या बापानं. आनखी कोन?”

मी लिहायला घेतले. मुलीचे नाव तिने सांगितले आणि माझा हात थांबला. ती मात्र बोलतच राहिली. नवरा मारायचा. मुलगी अकरा वर्षांची झाली, तेव्हा त्याने तिचे लग्न ठरविले, एका थोराड माणसाशी. तेव्हा ती मुलीला घेऊन निघाली.

“शाळेतल्या बाईंना मी सगळं सांगितलेलं. त्या बोलल्या, इथं लिहिलेलं कोन वाचनार नाय. मग काय झालं काय माहीत. एक दिवस दुपारी त्या घरी आल्या. उन्हात चालत. बोलल्या, आजच्या आज निघ. मी बोलले, बाई, रविवारी निघते, कामावर सांगून. एकदम गेले तर पुढं कोन ठेवंल? त्या लई बोलल्या. आज निघ, आज निघ. तो शुक्रवारी आला.”

“बाईंनी कारण नाही सांगितले?”

“एवढंच बोलल्या, त्याला घर कळलंय. त्याला तर सही पन धड येत नाय. कुनीतरी लिवून दिलं असंल.”

मी मान खाली घालून लिहीत राहिलो. तिला काही सांगितले नाही. तो अर्ज घेऊन मी स्वतः पोलीस ठाण्यात गेलो, बालकल्याण समितीपुढे गेलो, दर सोमवारी गेलो. साडेचार महिन्यांनी मुलगी सापडली, दुसऱ्या जिल्ह्यात. तोवर तिचे लग्न लागलेले होते. तिला परत आणले. आईने तिला घेऊन पुन्हा गाव बदलले. शाळेच्या रजिस्टरात तिच्या ओळीत शेरा पडला होता, ‘सतत गैरहजर’. हिराजीने मला तो सांगितला.

बाई तोवर मुदतीआधीच निवृत्ती घेऊन गावी राहिल्या होत्या. पौषात मी एस.टी.ने गेलो. त्या ओटीवर बसून भिजवलेले वाल सोलीत होत्या. फार वाळल्या होत्या. मला पाहून त्यांनी घमेले जरा बाजूला सरकविले आणि बसायला जागा केली. खोकला त्यांना धड बोलू देत नव्हता.

“पत्ता मी मागितला होता,” मी म्हणालो. “तो बोललाच नव्हता.”

“म्हाईत हाय. अर्ज मी वाचला ना.”

त्यापुढे त्या मला लागेल असे काही बोलतील, म्हणून मी थांबलो. त्या वाल सोलीत राहिल्या. मग मी सांगितले, “बाई, मुलगी मिळाली. आई तिला घेऊन आता—”

त्यांनी ओला हात वर केला.

“गावाचा नाव घेऊ नका.”

“मी फक्त तुम्हालाच सांगतोय.”

“मना पन नको.”

आतून कोणीतरी चहा आणला. बाईंनी विचारले, “शालेत जाते?”

“नाव घातले आहे, असे ऐकले.”

शाळा कोणती, हे त्यांनी विचारले नाही. बोटांतला वाल पिचला होता. तो त्यांनी घमेल्याबाहेर ठेवला.

“तिथला क्लार्क कसा हाय, काय म्हाईत,” त्या म्हणाल्या.

मी निघालो तेव्हा त्या उठल्या नाहीत. माघ संपण्याआधी त्या गेल्याचे हिराजीने सांगितले.

तरी संबंधित वरिष्ठ कार्यालयास या लेखाद्वारे विनंती, की कै. सुलोचना नारायण घरत यांच्या सेवापुस्तकातील ठपका रद्द व्हावा. त्या हयात नसल्याने प्रकरण बंद झाले, असे उत्तर मला तोंडी मिळाले आहे. ते मला मान्य नाही. ठपका रद्द करणे नियमात बसत नसल्यास त्याच्या खाली एवढे तरी लिहावे, की पत्त्याची मागणी अर्जदाराची नव्हती, अर्ज लिहिणाऱ्याची होती, आणि लिपिकाने ती वेळीच खोडण्यास सांगितले होते. चौकशी करावयाची असल्यास त्या मुलीला अगर तिच्या आईला बोलावू नये, त्यांची नावे कोणत्याही कागदावर घेऊ नयेत. मला बोलवावे. मी सुट्टीचे दिवस वगळता दहा ते पाच झाडाखाली असतो. निर्णय काहीही होवो, तो लेखी कळवावा.

आपला विश्वासू,
रमाकांत विठोबा कडू